अपघाताच्या चौकशीतून रोजचे काम सुरक्षित कसे करावे : पॉवर प्रेसचे उदाहरण

पत्रा कापणाऱ्या-वाकवणाऱ्या यंत्रांच्या, म्हणजे पॉवर प्रेसच्या, एखाद्या लहान शॉपची (प्रेस शॉपची) अपघात नोंदवही उघडली, तर 'अपघाताचे कारण' या रकान्यात बहुधा एकच वाक्य निरनिराळ्या हस्ताक्षरांत सापडते : कामगाराने निष्काळजीपणे डायमध्ये हात घातला. त्यापुढील 'केलेली कार्यवाही' या रकान्यात 'समज दिली' किंवा 'टूलबॉक्स टॉक घेतला' (कामाच्या जागीच सुरक्षेविषयी चार शब्द सांगितले) असे लिहिलेले असते. खाली सही होते, वही बंद होते आणि दुसऱ्या दिवशी त्याच प्रेसवर, त्याच डायवर, तेवढेच टार्गेट घेऊन दुसरा ऑपरेटर उभा राहतो.

डाय म्हणजे प्रेसमध्ये पत्र्याला आकार देणारा साचा, आणि रॅम म्हणजे त्यावर खाली-वर होणारा प्रेसचा भाग. ऑपरेटरने हात घातला हे खोटे नसते. पण तो हात त्या शिफ्टमध्ये शेकडो वेळा आत गेलेला असतो, शेजारच्या प्रेसवरही जात असतो, सुपरवायझरच्या डोळ्यांदेखत जात असतो; फक्त एकदा रॅम नको तेव्हा खाली येतो. त्या एका खेपेपुरती चौकशी केली तर हाती माणसाचे नाव लागते, आणि उरलेल्या सगळ्या खेपांची चौकशी केली तर काम करण्याची पद्धत हाती लागते. ही दुसऱ्या प्रकारची चौकशी कशी करावी आणि तिच्यातून रोजचे काम कसे बदलावे, हे येथे पॉवर प्रेसच्या आधाराने सांगितले आहे. भोसरी, चाकण, वाळूज, सातपूर यांसारख्या औद्योगिक वसाहतींत सुरक्षा अधिकारी ठेवणे न परवडणारी, वीस-पंचवीस माणसांची युनिट्स पुष्कळ आहेत. तेथे चौकशी करणारा माणूस म्हणजे मालक, मॅनेजर किंवा शिफ्टचा सुपरवायझर, आणि पुढचे सारे त्यांना डोळ्यांसमोर ठेवूनच लिहिले आहे.

पहिले काही तास

जखमी माणूस सर्वांत आधी, हे वेगळे सांगण्याची गरज नसावी. तरीही प्रेस शॉपसाठी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. बोट तुटून वेगळे झाले असेल तर तुटलेला भाग स्वच्छ पाण्याने हलकेच धुऊन, ओलसर निर्जंतुक गॉजमध्ये गुंडाळून, प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून ती पिशवी बर्फावर ठेवायची असते. तो भाग थेट बर्फात टाकला तर त्यातील पेशी गोठून मरतात आणि बोट पुन्हा जोडण्याची शक्यता घटते. गॉज, दोन स्वच्छ पिशव्या आणि तुटलेले बोट जोडण्याच्या शस्त्रक्रियेची सोय असलेल्या जवळच्या रुग्णालयाचा फोन नंबर प्रथमोपचार पेटीतच ठेवावा, कारण ऐन वेळी शोधाशोध करण्याइतके कोणाचेच डोके ठिकाणावर नसते.

जखमीला पाठवल्यावर प्रेसचा मुख्य स्विच बंद करून त्याला कुलूप लावावे आणि चौकशी होईपर्यंत प्रेसला कोणी हात लावू नये. पुरावा येथेच सर्वाधिक नष्ट होतो आणि तोही बहुतेक वेळा चांगल्या हेतूने : कोणीतरी रक्त पुसतो, कोणीतरी अडकलेला जॉब (प्रेसवर तयार होणारा नग) काढतो, कोणी पेडल बाजूला सरकवतो, आणि मालक पोहोचेपर्यंत गार्डही (हात आत जाऊ नये म्हणून लावायचे आवरण) आपल्या जागी बसवलेला असतो. या शेवटच्या कृतीमागचा हेतू मात्र चांगला नसतो.

त्यामुळे आधी मोबाइलवर फोटो काढावेत आणि मग नोंदी कराव्यात. रॅम कोणत्या उंचीवर थांबला आहे, सिलेक्टर स्विच 'सिंगल' स्ट्रोकवर (रॅमची एकच फेरी) आहे की 'कंटिन्युअस'वर (सलग फेऱ्या), त्या वेळी पेडल चालू होते की दोन हातांची बटणे, पेडलवर वरचे आच्छादन होते का, डायमध्ये जॉब कसा अडकला आहे, काउंटरवर किती आकडा आहे, चिमटा कोठे आहे, उजेड किती आहे, पायाखाली तेल सांडलेले आहे का, हे सारे फोटोत आले पाहिजे. गार्ड काढलेला असेल तर त्याचे बोल्ट शोधावेत. बोल्ट हेल्परच्या खिशात सापडले तर गार्ड आजच निघालेला असतो. ते टूल क्रिबमधल्या (हत्यारे ठेवायच्या खोलीतल्या) डब्यात तळाशी गंजलेले सापडले, तर ही प्रेस कित्येक महिने गार्डशिवाय चालत होती आणि ते सर्वांना ठाऊक होते. एका गंजलेल्या बोल्टने चौकशीची दिशा बदलते.

कायदेशीर बाजू थोडक्यात पाहू. अपघातामुळे कामगार ४८ तास किंवा अधिक काळ कामावर येऊ शकणार नसेल, तर त्याची सूचना औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला देणे बंधनकारक आहे. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ८८ मध्ये ही तरतूद होती आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षाविषयक संहितेतही ती आहे. कर्मचारी राज्य विमा योजनेखालील कामगाराच्या अपघाताचा अहवाल त्या योजनेच्या कार्यालयाकडेही जावा लागतो. नमुने आणि मुदती त्या-त्या कार्यालयातून ताज्या घ्याव्यात. मात्र हे कागद भरले म्हणजे चौकशी झाली, असे समजू नये. सरकारी नमुना अपघाताची माहिती मागतो; तुमच्या प्रेसवर उद्या काय बदलायचे, हे तो विचारत नाही.

माणसांशी बोलताना

चौकशीचा पहिला प्रश्न 'हात का घातला?' असा असेल तर त्यापुढे काहीही खरे कळणार नाही. हा प्रश्न ऐकताच माणूस बचावाच्या पवित्र्यात जातो, आणि त्यातही तो कंत्राटी असेल तर 'चुकून झाले साहेब' एवढेच बोलून गप्प बसतो, कारण पुढच्या आठवड्यात गेटपास मिळेल की नाही याची त्याला खात्री नसते. म्हणून अपघाताविषयी न विचारता कामाविषयी विचारावे. 'दादा, जॉब डायमध्ये अडकला की तुम्ही आधी काय करता?', 'या डायवर दिवसातून किती वेळा अडकतो?', 'चिमटा कोणत्या जॉबला चालतो आणि कोणत्या जॉबला चालत नाही?', 'नवीन पोरगा आला तर त्याला हे काम कोण शिकवते?' अशा प्रश्नांना लोक मोकळेपणाने उत्तरे देतात, कारण आपल्या कामातले त्यांना कळते आणि ते सांगायला त्यांना आवडते.

जखमीशी बोलायची घाई करू नये. पहिल्या दिवशी तो औषधांच्या अमलाखाली असतो, शिवाय घरचे लोक भोवती असतात. दोन-तीन दिवसांनी, शक्यतो त्याचा ज्याच्यावर विश्वास आहे अशा सहकाऱ्याला बरोबर घेऊन जावे आणि नोकरीला धोका नाही हे आधी स्पष्ट सांगावे. अर्थात ते खरे असेल तरच. तो उत्तर प्रदेश, बिहार किंवा ओडिशातून आलेला असेल तर त्याला सहज येणाऱ्या भाषेत बोलणे व्हावे. ज्या सुपरवायझरच्या हाताखाली अपघात झाला त्याला या बोलण्यात बसवू नये. त्याची बाजू स्वतंत्रपणे ऐकावी, कारण त्याच्यावरही डिस्पॅचचे दडपण असतेच.

यानंतर सर्वांत उपयोगी टप्पा येतो. दुसऱ्या शिफ्टचा ऑपरेटर आणि डाय सेटर (प्रेसवर डाय बसवणारा) यांना प्रेसपाशी बोलवावे, वीज बंद आणि फ्लायव्हील (प्रेसला जोर देणारे जड चाक) पूर्ण थांबलेले असताना तेच काम हावभावांनी करून दाखवायला सांगावे, आणि आपण शांतपणे पाहावे. खुर्चीत बसून सांगताना माणूस नियमाप्रमाणे सांगतो. यंत्रापुढे उभा राहिला की त्याचे हात सवयीप्रमाणे चालतात. तो उजव्या हाताने जॉब ठेवतो, डाव्या हाताने आधीचा काढतो आणि पाय पेडलवरच असतो, हे त्याला सांगावे लागत नाही, ते दिसते.

लिहिलेली पद्धत आणि प्रत्यक्ष पद्धत

आता एका कागदावर मधोमध रेघ मारावी. डावीकडे लेखी सूचनांप्रमाणे कामाचे टप्पे लिहावेत आणि उजवीकडे आपण नुकतेच पाहिलेले. जेथे दोन्ही बाजू जुळत नाहीत, तेथे 'नियमभंग' असा शिक्का न मारता त्या फरकापुढे एकच गोष्ट लिहावी : असे केल्याने कामगाराचे कोणते काम सोपे होते किंवा कोणती अडचण टळते? प्रत्येक फरकामागे असे काहीतरी कारण असतेच, आणि ते बहुधा व्यवस्थापनानेच तयार केलेले असते.

एक हिशेब करून पाहू. समजा शिफ्ट आठ तासांची आहे, जेवण आणि चहा मिळून अर्धा तास जातो आणि टार्गेट ४,५०० नगांचे आहे. म्हणजे हातात २७,००० सेकंद उरतात आणि एका नगाला ६ सेकंद मिळतात. भिंतीवर पाटी आहे : 'जॉब चिमट्यानेच काढावा.' घड्याळ लावून मोजले तर चिमट्याने काम करताना एका नगाला ८ सेकंद लागतात. म्हणजे पाटी पाळली तर शिफ्टमध्ये ३,३७५ नग निघतील, तेही डाय एकदाही न अडकता आणि ऑपरेटर एकदाही लघवीला न जाता. टार्गेट आणि पाटी दोन्ही एकाच मॅनेजरच्या सहीचे असून दोन्ही एकाच वेळी पाळता येत नाहीत. टार्गेट चुकले तर संध्याकाळी विचारणा होते, पाटी चुकली तर कोणी विचारत नाही. मग ऑपरेटर कोणती आज्ञा पाळेल हे ओळखायला चौकशी समिती लागत नाही. हा हिशेब प्रत्येक युनिटमध्ये स्वतःच्या आकड्यांनी करून पाहावा. माझ्या मते अपघाताच्या चौकशीतील हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त टाळला जाणारा भाग आहे.

अशी दरी फक्त लहान कारखान्यांत असते असे नाही. अमेरिकेतील टेक्सास सिटी येथील बीपी कंपनीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात २३ मार्च २००५ रोजी झालेल्या स्फोटात १५ माणसे मृत्युमुखी पडली आणि सुमारे १८० जखमी झाली. बंद केलेला एक विभाग पुन्हा सुरू करताना तेथील उंच टॉवरमध्ये द्रवाची पातळी किती ठेवायची हे लेखी ठरलेले होते. परंतु पातळी एकदम उतरली तर पुढच्या यंत्रणेचे नुकसान होते हा अनुभव असल्याने ऑपरेटर ती मुद्दाम जास्त ठेवत, आणि आधीच्या अनेक स्टार्टअपमध्ये तसेच झालेले होते. तेवढ्यावर निभावत गेल्याने ना लेखी पद्धत सुधारली गेली, ना पातळी दाखवणाऱ्या उपकरणांकडे पुरेसे लक्ष गेले. अपघाताच्या दिवशी टॉवर भरून वाहिला. नेहमीच्या वळणाने चाललेल्या कामात धोका किती साठला होता, हे स्फोटानंतर कळले. वास्तविक प्रत्येक स्टार्टअपची नोंद तेथे उपलब्ध होती.

हात आत का जातो

आता मूळ प्रश्नाकडे येता येते. हात डायमध्ये जाण्याची कारणे प्रेस शॉपमध्ये मोजकीच असतात : जॉब ठेवायला, जॉब काढायला, अडकलेला जॉब किंवा चिकटलेले स्क्रॅप सोडवायला, आणि डाय सेट करायला. अपघात यांपैकी कोणत्या वेळी झाला हे निश्चित झाले की पुढचा प्रश्न असा : हात आत जाण्याची गरजच का पडते?

अडकलेल्या जॉबचे उदाहरण घेऊ. ऑपरेटर सांगतो की जॉब पंचाला (रॅमबरोबर खाली येऊन पत्रा कापणाऱ्या भागाला) चिकटून वर जातो. टूल रूममध्ये विचारले तर कळते की स्ट्रिपरच्या (जॉब पंचावरून सोडवणाऱ्या भागाच्या) स्प्रिंगा ढिल्या झाल्या आहेत, पंचाची धार गेली आहे, त्यामुळे बर (कापलेल्या कडेवरची खरखरीत कोर) वाढली आहे आणि जॉब सुटत नाही. डायला धार लावायला का दिली नाही? कारण तिची जोडीची डाय नाही आणि ग्राहकाचा माल थांबवता येत नव्हता. किती नगांनंतर धार लावायची हे कोठे लिहिले आहे का? नाही, माल रिजेक्ट होऊ लागला की लावतात. आता निष्काळजीपणाचा धागा कोठवर आला पाहा : ऑपरेटरच्या हातापासून निघून तो टूल रूमच्या वहीत नसलेल्या एका आकड्यापर्यंत पोहोचला. पाच वेळा 'का' विचारण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी शिकवली जाते. ती चांगली आहे, पण तिच्यात एक खोट आहे : प्रत्येक वेळी एकच उत्तर घेतले तर एकच धागा सापडतो. वरच्या उदाहरणात 'रॅम नको तेव्हा खाली का आला?' हा दुसरा धागा स्वतंत्रपणे ओढावा लागतो आणि तो पेडलपाशी किंवा क्लचपाशी (फ्लायव्हीलची गती रॅमला जोडणाऱ्या भागापाशी) नेतो. दोन्ही धागे जेथे भेटले, तेथे बोट गेले.

कोणत्याही कारणापाशी थांबण्याआधी एक कसोटी लावावी : या माणसाच्या जागी अनुभवी, शांत, पूर्ण झोप घेतलेला दुसरा माणूस असता तर हेच घडू शकले असते का? उत्तर 'हो' असेल तर माणसाविषयीचे कारण खोडून काढावे.

उपाय निवडताना

सुरक्षाशास्त्रात उपायांची एक उतरंड मानली जाते : आधी धोकाच काढून टाकता येतो का ते पाहावे, मग कमी धोक्याची पद्धत किंवा वस्तू वापरता येते का ते, मग यंत्रावर अडसर, त्यानंतर सूचना आणि प्रशिक्षण, आणि शेवटी हातमोजे, चष्मा यांसारखी वैयक्तिक साधने. प्रत्यक्षात बहुतेक अहवाल ही उतरंड तळापासून चढायला घेतात आणि दुसऱ्या पायरीवर दमतात. उपायांच्या यादीत फक्त 'प्रशिक्षण', 'सूचना' आणि 'हातमोजे' हेच शब्द असतील तर तो अहवाल परत पाठवावा. शिवाय, प्रेसवर हातमोज्याने कापण्यापासून बचाव होतो, चेंगरण्यापासून होत नाही. आणि ड्रिलसारख्या फिरत्या यंत्रावर तर हातमोजा गुंतून हातच ओढला जातो.

वरच्या उदाहरणात पहिला उपाय टूल रूममधला आहे : ठरावीक नगांनंतर डाय उतरवून धार लावणे आणि स्ट्रिपरच्या स्प्रिंगा बदलणे. दुसरा, जॉब हवेच्या झोताने किंवा घसरणीवरून आपोआप बाहेर पडेल अशी सोय करणे. तिसरा, पट्टी किंवा ब्लँक (आधी कापून घेतलेला पत्र्याचा तुकडा) आत जाईल पण बोटे जाणार नाहीत एवढीच फट ठेवून डायभोवती पक्का गार्ड बसवणे. फट जितकी मोठी, तितका गार्ड डायपासून लांब असावा लागतो, हे येथे विसरले जाते. या तिन्ही उपायांनंतर चिमट्याची गरज क्वचितच उरते.

यंत्रावरचा अडसर निवडताना प्रेस कोणत्या जातीची आहे ते पाहिल्याशिवाय खरेदी करू नये, कारण येथे पैसे आणि बोटे दोन्ही वाया जातात. जुन्या 'की क्लच' प्रेसमध्ये एकदा की गुंतली की रॅम पूर्ण फेरी मारूनच थांबतो. त्याला मध्येच अडवता येत नाही. अशा प्रेसवर लाइट कर्टन (हात आडवा येताच प्रेस थांबवण्याचा संकेत देणारा प्रकाशकिरणांचा पडदा) लावला तर हात आत गेल्याचे त्याला कळते, पण थांबवायला त्याच्या हातात काहीच नसते. शिवाय कीची स्प्रिंग तुटली किंवा की झिजली तर पेडल न दाबताही रॅम दुसऱ्यांदा खाली येऊ शकतो, आणि 'प्रेसने डबल स्ट्रोक मारला' अशी तक्रार कोणी केली तर ती ताबडतोब प्रेस बंद करण्याइतकी गंभीर मानली पाहिजे. अशा प्रेसला पक्का गार्ड किंवा हात आत जाणारच नाहीत अशी डाय, हाच खात्रीचा मार्ग आहे.

हवेवर चालणाऱ्या फ्रिक्शन क्लचच्या प्रेसवर लाइट कर्टन उपयोगी पडतो, पण तो डायपासून पुरेसा लांब असेल तरच. हात सेकंदाला १.६ मीटर वेगाने पुढे येतो असे धरण्याची रूढ पद्धत आहे. प्रेसला थांबायला ०.२ सेकंद लागत असतील तर तेवढ्या वेळात हात ३२ सेंटिमीटर पुढे जातो, म्हणून कर्टन किमान तेवढ्या अंतरावर हवा आणि त्याच्या किरणांमधल्या अंतरानुसार त्यात आणखी भर घालावी लागते. ब्रेक झिजला की थांबण्याचा वेळ वाढतो आणि काल पुरेसे असलेले अंतर आज अपुरे पडते. त्यामुळे थांबण्याचा वेळ ठरावीक काळाने मोजावा लागतो. कर्टन विकणारा हे क्वचितच सांगतो.

दोन हातांच्या बटणांचा एक बारकावा असा की ती फक्त बटण दाबणाऱ्याचे हात वाचवतात. मोठ्या जॉबला समोरून हेल्पर हात लावत असेल तर त्याच्यासाठी वेगळी दोन बटणे हवीत आणि चारही दाबल्याशिवाय प्रेस चालता कामा नये. एक बटण कायम दाबलेले राहावे म्हणून कोणी लाकडी फळी अडकवली आहे का, तेही पाहावे. सापडली तर रागावण्याआधी बटणांची उंची मोजावी : दिवसभर खांद्याच्या वर हात उचलून दाबावी लागणारी बटणे असतील, तर फळी येणारच.

आधीपासून असलेले अडसर प्रत्यक्षात चालतात का, हेही याच वेळी तपासावे. जयपूरजवळच्या सीतापुरा येथील इंडियन ऑइलच्या डेपोत २९ ऑक्टोबर २००९ रोजी शेजारच्या डेपोला पेट्रोल देण्यासाठी व्हॉल्व्ह लावण्याचे नेहमीचे काम चालू होते. त्यात हॅमर ब्लाइंड व्हॉल्व्हच्या (पाइपलाइन बंद करणाऱ्या एका जातीच्या व्हॉल्व्हच्या) उघड्या तोंडातून पेट्रोलचा फवारा सुटला, त्याच्या वाफेचा प्रचंड स्फोट झाला आणि आग अनेक दिवस धुमसत राहिली. ते व्हॉल्व्ह उलट्या क्रमाने उघडले तर काय होईल हे फक्त माणसाच्या लक्षात राहण्यावर सोपवलेले होते, आणि टाकीचा व्हॉल्व्ह नियंत्रण कक्षातून बंद करण्याची सोय चालू अवस्थेत नव्हती. आपल्याकडची इमर्जन्सी स्टॉपची लाल बटणे दाबून पाहिल्याला किती दिवस झाले, हा प्रश्न याच जातीचा आहे.

कामाचा नवा कागद

उपाय ठरले की कामाची लेखी पद्धत पुन्हा लिहावी लागते. ती ऑपरेटर आणि सेटर यांना बरोबर घेऊन लिहावी, एका पानापेक्षा मोठी नसावी, मराठी आणि हिंदी दोन्हींत असावी आणि ऑफिसातल्या फाइलमध्ये न राहता प्रेसवर लावलेली असावी. 'काम करताना योग्य ती सावधगिरी बाळगावी' यासारखे वाक्य त्यात असता कामा नये, कारण ते वाचून कोणाचाही हात वेगळे काही करत नाही. त्याऐवजी असे लिहावे : 'जॉब अडकल्यास पेडलवरून पाय काढा. मेन स्विच बंद करून आपले कुलूप लावा. फ्लायव्हील पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहा. रॅमखाली सेफ्टी ब्लॉक (रॅम खाली येऊ न देणारा टेकू) ठेवा. मगच जॉब काढा.' मोटर बंद केल्यावरही फ्लायव्हील बराच वेळ फिरत राहते आणि तेवढी ऊर्जा एक स्ट्रोक मारायला पुरते. हे कारण त्या वाक्याखालीच बारीक अक्षरात लिहावे.

कारण लिहिण्याचा आग्रह एवढ्यासाठी की वर्षभराने नवा मॅनेजर येतो, त्याला सेफ्टी ब्लॉकसाठी लागणारी दोन मिनिटे खटकतात आणि तो टप्पा गाळतो. कोणत्या अपघातामुळे हा टप्पा आला हे तेथेच एका ओळीत दिसले तर तो दोनदा विचार करेल. जखमीचे नाव तेथे लिहू नये. महिना, वर्ष आणि काय घडले एवढे पुरे.

शिफ्ट सुरू होतानाची तपासणीही याच पानावर असावी : गार्ड आणि त्याचे सर्व बोल्ट, पेडलचे आच्छादन, इमर्जन्सी स्टॉप, आणि जॉब न ठेवता मारलेले काही रिकामे स्ट्रोक. त्यातले काही बिघडलेले आढळल्यास ऑपरेटरने स्वतःच्या अधिकारात प्रेस बंद ठेवावी, असे मालकाच्या सहीने लिहावे. पहिल्यांदा कोणी खरोखर बंद ठेवील तेव्हा मालक त्याच्याशी कसा वागतो, त्यावर त्या सहीची किंमत ठरेल. अर्धवट दुरुस्तीत असलेली प्रेस पुढच्या शिफ्टला देताना तोंडी निरोपावर भिस्त ठेवू नये. उत्तर समुद्रातील पायपर अल्फा या तेल फलाटावर ६ जुलै १९८८ रोजी १६७ माणसे गेली, त्याची सुरुवात सेफ्टी व्हॉल्व्ह काढून ठेवलेला पंप त्या शिफ्टच्या लोकांना हे माहीत नसताना सुरू करण्यातून झाली होती.

आणि हो, टार्गेट. नवी पद्धत लागू करताना वरचा सेकंदांचा हिशेब पुन्हा मांडून टार्गेट बदलावे आणि ते त्याच पानावर छापावे. हे केले नाही तर बाकीचा कागद फाडून टाकला तरी चालेल.

पुन्हा जाऊन पाहणे

साधारण आठवड्याने, महिन्याने आणि तीन महिन्यांनी प्रेसपाशी जावे आणि त्यांतली एक फेरी न सांगता रात्रपाळीत करावी. नवा गार्ड जागेवर आहे का, त्याच्यामुळे जॉब ठेवायला कोणी वाकड्या पद्धतीने उभा राहतो का, गार्डच्या बाजूने हात घालण्याची नवी वाट सापडली आहे का, हे पाहावे. उपायाला बगल देण्याची युक्ती दिसली, तर तिला उपायातल्या उणिवेची खूण मानून दुरुस्ती करावी. हाच बदल युनिटमधल्या त्याच जातीच्या इतर सर्व प्रेसवर झाला आहे का, याची याच फेरीत मोजदाद करावी. कारण सुधारणा अपघात झालेल्या यंत्रापुरती करून थांबणे ही फार मोठी खोड आहे.

या फेऱ्यांत थोडक्यात हुकलेले प्रसंग ऐकू येऊ लागतात : डबल स्ट्रोक झाला पण हात बाहेर होता, चिमटा चेंगरला, पेडलवर जॉब पडून प्रेस चालली. त्यांची नोंद करायला एक साधी वही किंवा व्हॉट्सअॅपवर व्हॉइस मेसेज पुरेसा आहे. मात्र प्रत्येक नोंदीनंतर काय केले हे सांगणाऱ्याला कळवले पाहिजे, नाहीतर तिसऱ्या प्रसंगानंतर वही कोरी राहते. अमेरिकी सुरक्षातज्ज्ञ हाइनरिक यांनी १९३१ मध्ये मांडलेले ३०० विनादुखापतीच्या घटना, २९ किरकोळ दुखापती आणि १ मोठी दुखापत हे प्रमाण अजूनही अनेक कारखान्यांच्या भिंतींवर दिसते. लहान घटनांकडे लक्ष द्या, एवढ्यापुरते ते ठीक आहे; पण किरकोळ जखमा कमी झाल्या म्हणजे मोठा अपघात टळला, असा अर्थ त्यातून काढू नये. टेक्सास सिटीच्या कारखान्यात स्फोटापूर्वी वैयक्तिक दुखापतींचे आकडे चांगलेच दिसत होते. गेटवर लावलेल्या 'अपघातविरहित दिवस' या फलकाबद्दलही मला शंका आहे. त्यावरचा आकडा वाढला आणि त्यावर बक्षीस ठेवले की कापलेले बोट रुमालात गुंडाळून घरी जाते. ४ मार्चच्या राष्ट्रीय सुरक्षा दिनाला शपथ घेण्याऐवजी वर्षभरात वहीत आलेले प्रसंग आणि त्यांवर झालेली कामे मोठ्याने वाचून दाखवली, तर त्या दिवसाचा उपयोग होईल.

शेवटची तपासणी युनिटच्या बाहेरची आहे. काम वाढले की डाय जॉब वर्कसाठी दुसरीकडे जाते आणि तिथली प्रेस बहुधा आणखी जुनी असते. चलनावर डाय नंबर आणि नगांची संख्या असते, बाकी काही नसते. डायबरोबर तिचा गार्ड, धार लावण्याची नगमर्यादा आणि वर सांगितलेले एक पान पाठवावे, ते मिळाल्याची सही चलनावर घ्यावी, आणि पहिल्या दिवशी आपला सेटर तेथे उभा राहून किती वेळा जॉब अडकतो ते मोजून यावा.